नाव घ्यायचं नाही

४ मार्च
बाबा पडले! खुबा मोडला. ताई तेव्हा कचेरीत रांगेत उभी होती. आजाऱ्याला घरी सांभाळणाऱ्यांना भत्ता मिळतो ना, तो चालू राहावा म्हणून दर तीन महिन्यांनी सांभाळणाऱ्यानं स्वतः येऊन सही करायची — अशी अट. म्हणजे आजाऱ्याला एकटं टाकून यायचं! ताईचे दोन तास गेले. घरी आली तर बाबा न्हाणीच्या दारात पडलेले.

दवाखान्यात रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्याच खात्याची योजना ना? ही अट कुणी घातली, त्याचं नाव मला सांग."

५ मार्च
नाव मला ठाऊक आहे. गोडबोल्या! दुसरं कोण? चार वर्षांपूर्वी मसुदा आम्ही दोघांनी केला. राबले मी, मिरवला तो. आता धोरणं आखणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होऊन बसलाय.

८ मार्च
ऑपरेशन झालं. बाबा ताईलाच हाका मारतात. मी समोर असले तरी.

११ मार्च
मंडळाचं पत्रक आलं. वीस तारखेला 'चुकांची बैठक'. दरवर्षी असते. सगळ्या खात्यांतले योजना आखणारे जमतात, एकेक जण उभा राहून आपल्या फसलेल्या योजनेची गोष्ट सांगतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. धीटपणाचं कौतुक म्हणे! नियम एकच — चूक कुणाची, ते नाव घ्यायचं नाही. "आमच्याकडून झालं" म्हणायचं आणि चहाला जायचं. किती सोयीचं! सहा वर्षं मीही टाळ्या पिटल्या, लाज वाटते आता. यंदा मात्र नाव घेणार. सगळ्यांदेखत.

ताईला फोनवर सांगितलं. वाट बघते म्हणाली.

१४ मार्च
गोडबोल्या माझ्या टेबलाशी आला. बाबांची चौकशी केली. अट काढून टाकायचं टिपण आपण दोघं मिळून वर पाठवू, म्हणाला. आत्ता सुचतंय! मी कागदातून डोकं वर काढलं नाही. बाबांसाठी संत्री ठेवून गेला. ती मी तशीच शिपायाला देऊन टाकली.

१७ मार्च
नुसतं बोलून भागायचं नाही, तो हसून उडवून लावेल. कागद हवा. रेकॉर्डमधून जुनी फाइल मागवली. तिथल्या बाईंनी आधी तीन अर्ज करायला लावले. आमचीच पद्धत, कुणाला बोलणार!

१९ मार्च
फाइल आली. सातवा मसुदा, पान अकरा. छापील मजकुरात अट नाहीच. समासात घातलीय, हिरव्या शाईत — 'खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून स्वतः हजेरी आवश्यक.'

हिरवी शाई माझी. अक्षर माझं. खाली सही माझी.

शेजारी पेन्सिलीनं गोडबोल्यानं लिहिलंय — 'मग घरी आजाऱ्याजवळ कोण थांबणार?' त्यावर मी काट मारलीय. आणि वर शेरा — 'चाचणीत एकाचीही तक्रार नाही.'

चाचणी मीच घेतली होती. कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहून. जे येऊ शकले त्यांनाच विचारलं, येण्यात काही अडचण आहे का म्हणून. सगळे नाही म्हणाले. मी खूश होऊन घरी गेले होते, तेही आठवतंय.

हे सगळं त्याला ठाऊक असणार. तरी संत्री घेऊन आला.

२० मार्च
बैठक झाली. माझी पाळी आली, उभी राहिले. "आमच्याकडून झालं," म्हणाले. टाळ्या पडल्या. गोडबोल्या तेवढा खाली बघत बसला.

बाहेर आले तर ताईचा फोन. घेतलंस का नाव, विचारलं.

"आमच्यात नाव घेत नाहीत, ताई."