सातव्या ग्रीनवरची चाल

१ मार्च, सोमवार

पक्कं झालं! काका महिनाअखेरीस रिटायर होतायत. काका म्हणजे आमचे हेड ग्रीनकीपर, मैदानाच्या गवताचे मुख्य कारभारी. गोल्फ क्लबात सगळेच त्यांना काका म्हणतात, सेक्रेटरीसाहेबसुद्धा. चौदा तारखेच्या टूर्नामेंटनंतर कमिटी नवा हेड निवडणार. आता यात निवडायचं काय आहे ते कमिटीलाच ठाऊक. असिस्टंट आम्ही दोघं. एक मी. दुसऱ्या मॅडम, काल-परवा आलेल्या. माझी अख्खी जवानी या गवतात गेली.

हेड झालं की क्वार्टर मिळतं. हिला सांगितलं. सध्या आम्ही वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो. पहाटे खाली गवत कापायचे मोअर सुरू झाले की वर कपबशा नाचायला लागतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून हिला पहाटेची झोप म्हणून माहीत नाही. क्वार्टर कोर्सच्या पार टोकाला, पुढे अंगण, आवाज फक्त पाखरांचा. संध्याकाळी ही पाय मोकळे करायला म्हणून गेली ती थेट क्वार्टरला वळसा घालून आली.

साडूला फोन केला. हेड झालो म्हणून सांगून टाकलं. होणारच आहे, तर 'होणार' आणि 'झालो' असल्या व्याकरणात कशाला अडकायचं?

संकल्प: रोज चारला उठणे. हाताखालच्या माणसांवर न ओरडणे. क्लबच्या किचनकडे न फिरकणे. (डॉक्टरांनी गोड बंद केलंय. हिने डॉक्टरांपेक्षा जास्त.)

२ मार्च, मंगळवार

साडेसहाला उठलो. अलार्म चारला वाजला होता, पण त्याच्यावर ओरडलो नाही. म्हणजे दुसरा संकल्प पाळला.

मॅडमनी स्टोअरच्या दाराशी पाण्याचा टब ठेवलाय. म्हणे तणनाशक मारून आलं की आधी त्यात बूट धुवायचे, मगच दुसरीकडे पाऊल टाकायचं. टब! आम्ही काय रांगती बाळं आहोत? मला वाटलं काका हसतील. त्यांनी चक्क मान डोलावली. वय झालं त्यांचं.

३ मार्च, बुधवार

सातव्या ग्रीनजवळच्या बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेने तण माजलंय. हा ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, क्लबहाऊसच्या गच्चीसमोरच येतो, टूर्नामेंटला सगळे पाहुणे गच्चीवरून तोच बघत बसणार. असलं नाजूक काम दुसऱ्यावर सोपवायचं नसतं. पंप पाठीवर घेतला आणि स्वतः गेलो. हे औषध तण कोण आणि गवत कोण ते बघत नाही, ज्याच्या अंगाला लागेल ते गेलंच. पण माझा हात असा बसलेला, की ग्रीनवर एक थेंब उडाला नाही. वाकून वाकून पाहिलं. बुटांवर सांडलं थोडं. बूट रबरी आहेत, रबराला काय होतंय!

तेवढ्यात किचनच्या मागच्या दारातून कुकने हात केला. टूर्नामेंटच्या केकची रंगीत तालीम चालली होती, आणि केकच्या कापलेल्या कडा टाकून द्यायच्या त्याच्या जिवावर आलं होतं. अन्न वाया घालवू नये या मताचा मी आहे. ग्रीनवरून गेलं की किचन जवळ पडतं, म्हणून सरळ ग्रीनवरून गेलो. खाल्ल्या त्या कडा. कडा म्हणजे केक नव्हे, त्यामुळे संकल्प शाबूत आहे. त्याच वाटेने परत आलो. टब तसाच पडला होता. मनात म्हटलं, बस वाट बघत.

६ मार्च, शनिवार

साडूचा फोन. टूर्नामेंट बघायला येतोय. नवीन हेडसाहेबांच्या ओळखीने गच्चीवर खुर्ची मिळेल ना, असं विचारत होता. त्याचं टाइल्सचं दुकान आहे, आणि आयुष्यभर तो मला 'गवतवाले' म्हणत आला. म्हटलं, खुर्ची काय, सोफा टाकतो.

मग सेक्रेटरीसाहेबांना गाठून सोफ्याचं विचारलं. ते म्हणाले, कुणासाठी? म्हटलं, असंच.

९ मार्च, मंगळवार

सातव्या ग्रीनवर पिवळे डाग!! टूर्नामेंट पाच दिवसांवर आली आणि हे.

घाबरायचं कारण नाही. बुरशी आहे. दुरूनच ओळखली. काकांना म्हटलं, ही नवीन जात दिसते, लांबट वाढणारी. काका डागांवर वाकले आणि म्हणाले, की बुरशी एवढी रांगेत चालत नाही रे. तज्ज्ञांचं हे असंच असतं, नवीन काही मान्य करायचं नाही.

बुरशीनाशक मारलं. मॅडम येऊन डाग बघून गेल्या. आधी डाग बघितले, मग माझे बूट. माणसाने माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं.

१० मार्च, बुधवार

डाग ठसठशीत झाले. आता बुरशीला टाचही दिसते.

सकाळी गच्चीवरून पाहिलं आणि लख्ख उजेड पडला. डावं, उजवं, डावं, उजवं. पावलं! बंकरपासून निघालेली, ग्रीनच्या मधोमध गेलेली, किचनच्या दाराशी पोचून परत आलेली. कोणीतरी मुद्दाम, टूर्नामेंटच्या तोंडावर, मला अडचणीत आणायला विष लावलेल्या बुटांनी चालत गेलंय. फायदा कोणाचा? मी नाव घेत नाही. मला टब आठवला एवढंच लिहून ठेवतो.

तडक सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, ही कोणाची तरी चाल आहे. ते म्हणाले, जाऊ द्या, स्पर्धा तोंडावर आहे. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, हेडच्या खुर्चीचा प्रश्न आहे, चाल कोणाची ते सगळ्यांसमोर ठरलंच पाहिजे. परवा सकाळी सगळ्या स्टाफने ग्रीनवर यायचं, प्रत्येकाने ठशाशेजारी पाऊल टेकवून दाखवायचं. मान्य करवूनच उठलो. हिला सांगितलं, उद्यापरवा तुझा नवरा काय चीज आहे ते क्लबला कळेल.

१२ मार्च, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.

सगळे आले. मोअर चालवणारे, बंकरमधली वाळू ओढणारे, पाइप सांभाळणारा. एकेकाने पाय टेकवला. कोणाचा लांब, कोणाचा आखूड. मॅडमचं पाऊल तर ठशात हरवूनच गेलं. तरी मी त्यांना पुन्हा एकदा टेकवायला लावलं. शेवटी काका म्हणाले, की आता राहिलं कोण? चौकशी निःपक्षपाती असावी म्हणून मी आपण होऊन पुढे झालो.

बसलं. अगदी साच्यातून काढल्यासारखं. डावं पाऊल जरासं बाहेर वळलेलं, ते सुद्धा तस्संच. माझी चाल पहिल्यापासून लष्करी आहे. लोक तिला फेंगडी म्हणतात.

मी म्हणणारच होतो की माझे बूट कोणीतरी पळवले असावेत, तेवढ्यात कुक मागच्या दारातून ओरडला, की अहो साहेब, त्या दिवशी केकला आलात ते इथूनच की हो आलात! मदत करायला गेला बिचारा. त्याला काय माहीत, ही माझा डबा घेऊन ग्रीनच्या कडेला उभी होती ते.

ही पुढे आली. ठशांकडे बघितलं. मग सगळ्यांदेखत म्हणाली, की कोणाची तरी चाल आहे म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंत ना? ही चाल मी लग्नापासून ओळखते. डबा माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मोअरवाले खाली बसून हसत होते. मी ओरडलो नाही.

तसं पाहिलं तर चौकशी यशस्वी झाली. गुन्हेगार अर्ध्या तासात सापडला. याचं श्रेय कोणी दिलं नाही.

दुपारी काकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, की चूक कोणाकडूनही होते, कमिटी एवढ्यावरून खुर्ची नाकारणार नाही, मी बोलतो त्यांच्याशी. फक्त आता त्या ग्रीनला हात लावू नकोस. गवत पिवळं असलं तरी चेंडू त्यावरून सरळ जातो. टूर्नामेंट झाली की सावकाश बदलू.

सज्जन माणूस. पण पिवळ्या ठशांवर गच्चीतून साडूची नजर पडणार, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

१३ मार्च, शनिवार

पहाटे उठलो. चारला! पहिला संकल्प आज पूर्ण.

ग्रीनवर होल पाडायचं यंत्र असतं, दाबलं की गवत-मातीचा गोल गड्डा अख्खा निघतो. मेलेल्या गवताचा गड्डा काढायचा, तिथे जिवंत गवताचा बसवायचा, पायाने दाबायचं. टाचेला एक, चवड्याला दोन. वर्कशॉपमागे गवताची रोपवाटिका आहे, तिथून उचलले. एक वाफा कसला फोफावला होता! बाकीचे त्याच्यापुढे मरतुकडे. म्हटलं, लावायचं तर उत्तम लावू. बॅटरीच्या उजेडात ठसे दिसेनासे झाले. एकही पाऊल नाही. कमरेचा काटा ढिला झाला, पण समाधान वाटलं.

सकाळी मॅडमना मोठ्या मनाने दाखवायला निघालो, तर त्या रोपवाटिकेतच भेटल्या. वाफ्यातल्या खड्ड्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, की हा कोणी उचलला? ही वेगळी जात आहे, कारपार्किंगच्या कडेला लावायची होती, ग्रीनची नाही. इथे पाटी होती तीसुद्धा दिसत नाहीये.

पाटी कुठे आहे ते मला माहीत आहे. मोअरच्या शेडचं दार सारखं आपटायचं, म्हणून मागच्या महिन्यात खाली सारली होती. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

१४ मार्च, रविवार. टूर्नामेंट

साडू आला. सोफा मिळाला नाही. खुर्चीही मिळाली नाही. उभा राहिला.

उन्हात ग्रीन पाहिला. कालचे गड्डे गडद हिरवे दिसतायत. पिवळी पावलं गेली, हिरवी आली. साडूने विचारलं, की ही डिझाइन कोणाची? म्हटलं, आमचीच.

आता मुख्य गोष्ट. क्लबचे अध्यक्ष इतकी वर्षं खेळतात, कधी जिंकले नाहीत. आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होते. सातव्यावर आले. होल हाकेच्या अंतरावर, चेंडू सरळ, गच्ची चिडीचूप. त्यांनी हलकेच टोला दिला. चेंडू निघाला तो माझ्या डाव्या टाचेवर चढला. तिथून टुणकन उजव्या चवड्यावर. तिथून वळला आणि उताराने घरंगळत थेट बंकरमध्ये.

बंकरच्या कडेला तणाची एक काडी नव्हती. याबद्दल अवाक्षर कोणी काढलं नाही.

अध्यक्ष हरले. जाताना काका माझ्याजवळ थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, की हात लावू नको म्हटलं होतं ना रे.

साडू बसस्टॉपपर्यंत मला गवतवाले म्हणत होता.

१६ मार्च, मंगळवार

मॅडम हेड.

हिला म्हटलं, निर्णय जरा लांबणीवर पडलाय. ही म्हणाली, की पेढे कधीच वाटून झाले, तुम्ही सोडून सगळ्यांना मिळाले. चहा ठेवला. दोन कप ठेवले, म्हणून बरं वाटलं.

साडूला फोन केला नाही. व्याकरण बदलत बसायचा कंटाळा आला.

२ एप्रिल, शुक्रवार

मॅडम क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. सामान हलवायला आम्ही सगळे होतो. कपाट मी धरलं होतं. कपाटाला ओरखडा पडला तो दाराच्या चौकटीमुळे.

४ एप्रिल, रविवार

गड्डे काढायचे नाहीत, असा मॅडमचा हुकूम आहे. निदान यंदा तरी. सातव्याला आता नवीन गवत बाजूला लावून तात्पुरता ग्रीन केलाय, आणि जुन्यावर माझी पावलं झक्क वाढतायत. अख्ख्या कोर्सवर एवढं सशक्त गवत दुसरीकडे नाही. नवीन माणसं कामाला लागली, की मॅडम त्यांना आधी तिथे नेतात, बंकरपासून किचनपर्यंत एकेका ठशात उभं करून चालवतात आणि मग टब दाखवतात.

संध्याकाळी हिला सांगितलं, बघ, लोक माझ्या पावलावर पाऊल ठेवून चालतात. हसेल वाटलं. ही म्हणाली, दाखवा.

गेलो. ही चपला काढून बंकरपासून चालायला लागली. माझी ढांग मोठी, तिला प्रत्येक ठशासाठी ताणून पाय टाकावा लागत होता. किचनच्या दारापर्यंत गेली. परत आली. एकही ठसा सोडला नाही. दमली. मग म्हणाली, की एवढी पावलं टाकलीत, त्यातलं एखादं तरी तिकडे टाकायचं होतं.

तिने क्वार्टरकडे बोट केलं होतं. अंगणात मॅडमच्या सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या. ही त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिच्या चपला उचलून आणल्या.