टेकचंद काकाले शिव्या कोण देणार?

प्रिय बाबूजी,

तुमचा फोन मी अजून बंद केला नाही. आई म्हणते, "कायले चार्ज करत राहते वो? कोण बोलणार हाय त्याच्यावर?" बोलत कोणीच नाही. पण आपल्या मंडळाचा कबड्डीचा ग्रुप तुमच्या फोनवर अजून टणटण वाजते, आणि या आठवड्यात तर थांबतच नाही. म्हणून लिहून राहिली. रविवारी शाळेच्या मैदानावर मीटिंग आहे. टेकचंद काकाले कोच ठेवायचं का हाकलायचं, ते ठरणार. आणि साक्षीले कोणाचं नाव पुढे करून राहिले, माहीत आहे? तुमचं!

तुम्ही श्रावणात गेले. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, पाळणे-दुकानं लागली, कबड्डीचे सामने लागले, आणि एकाही मंडईत आपली टीम जिंकली नाही, बाबूजी. जिथं जाते तिथं पहिल्याच मॅचमध्ये बिस्तरा गोल.

चार-पाच दिवसांपूर्वी आईसाठी सुपारी आणायले फागूच्या पानठेल्यावर गेली, तर तिथं भर दुपारी कोर्ट बसलेलं.

"कोच हाय का मूर्ती हाय बे? बसला त बसलाच!"

"लोटन दर रेडले मार खाऊन राहिला, तरी त्याले काढत नाही. जावई करून घेते का त्याले?"

फागू भाऊ चुना लावता लावता म्हणाला, "याच कोचनं तुमाले जिल्ह्यापर्यंत नेलं होतं. विसरले का गा?"

"पुराना चावल भात में अच्छा लगता है, फागू भाऊ. कबड्डी में नहीं." हा मुन्ना, मोबाइल रिपेअरिंगवाला. ग्रुपचा ॲडमिन तोच. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "गुड्डी, तूच सांग. हेमराज काका असते त पहिला हात त्याइचाच वर असता का नाही? भर मैदानात म्हणत होते काका, टेकचंद्या, उठ, घरी जाऊन शेण काढ!"

सगळे हसले. तुम्ही म्हणतच होते तसं!

किती लाज वाटत होती मले, बाबूजी! मैदानाच्या कोपऱ्यातला बांबू पकडून तुम्ही बोंबलत, आणि मी लांब तुमच्या गाडीवर पुस्तकात तोंड घालून बसत. ‘हे आपले वडील नाहीत’ असा चेहरा करून. आणि मॅच संपली का तुम्ही दोघं एकाच गाडीवर आपल्या घरी! एका ताटलीत चिवडा. आई म्हणायची, "आत्ता तर याचं खानदान काढलं, आता याले साखर कमी झाली का विचारते. कसे माणसं होत हे!" तुम्ही नुसतं हसायचे. काऊन सांगितलं नाही कधी?

मले आता समजलं. काकानं सांगितलं.

पानठेल्यावरून मी सरळ त्यांच्या वाडीत गेली. रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजन्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिली, हात लावता येईल एवढ्या जवळ. तर विचारतात, "कोन हाय?"

"मी गुड्डी, काका."

"हेमराजची? बस, बस." आणि मग हळूच म्हणाले, "शुगरनं डोरे खाल्ले, पोरी. कपड्याचा रंग दिसते, मानूस नाही दिसत. लाल बनियनवाले आपले, एवढं समजते. त्यातला लोटन कोन आन् विक्की कोन, ते तुहा बाप सांगे."

"बाबूजी? ते तर शिव्या देत होते तुम्हाले!"

"हाव, शिव्याच. ‘लोटन झोपला का बे’ म्हने, मी लोटनले बाहेर काढो. ‘विक्कीले पुढं काऊन सोडलं, गधड्या’ म्हने, मी विक्कीले मांगं बोलावो. लोकाइले वाटे, हेमराज तापला. आता सारेच बोंबलतेत, टेकचंदले हाकला! त्याच्यातून मले काय समजन?"

मी म्हटलं, चला, सगळ्यांले सांगू. डोळ्यांचं समजलं तर कोणी हाकलणार नाही. तर एकदम ताठ बसले.

"नोको. खराब कोच म्हनून काढलं, त काढू दे. मंडईत मान वर करून फिरन. आंधळा म्हनून ठेवलं, त घराबाहेर कसा निघू? तुह्या बापानं कोनाले नाही सांगतलं. तू बी नोको सांगू. त्याची आन हाय तुले."

तुमची आन! आता सांगा, मी काय करू?

रागच आला मले तुमचा. एवढं मोठं काम करून राहिले होते, तर मले एकदा गाडीवरून उतरवून बाजूले उभं करता आलं नसतं? ‘गुड्डी, हा लोटन, हा विक्की, बघून ठेव’ म्हणता आलं नसतं? मी नाही म्हटलं असतं, ते खरं आहे. पण विचारायचं तर होतं!

तरी मी प्रयत्न केला, बाबूजी. बोदलकसाकडच्या मंडईत गेली, तुमचाच कोपरा पकडला. बायका तिकडे पाळण्याजवळ आणि मी एकटी पोरांच्या गर्दीत. आधी म्हटलं, "काका, लोटनकडे बघा नं!" लाउडस्पीकरवर बक्षिसांची नावं चालली होती, कोण ऐकते? मग डोळे मिटले आणि तुमच्यासारखं सोडलं:

"ए टेकचंद्या! लोटन झोपून राहिला, दिसत नाही का बे तुले!"

माझ्या तोंडातून! काकांची मान अशी झटकन वळली नं, जसं कोणी हरवलेलं माणूस परत आलं. हात वर केला, लोटनले बाहेर काढलं.

पण झोपलेला लोटन नव्हता, बाबूजी. तो विक्की होता. दोघांची कटिंग सारखी आहे, मले पाठीमागून फरक समजला नाही. लोटन एकटाच खेळून राहिला होता त्या दिवशी, आणि त्यालेच मी बाहेर बसवलं. मग काय, लोण चढला, मॅच गेली. टॉवेलनं तोंड पुसत लोटन बेंचवरून काकांकडे असा बघून राहिला होता, का मले बघवेना.

आणि गर्दी? गर्दी टाळ्या वाजवून राहिली होती मले! "वा रे वा, बाप तशी बेटी!" मुन्नानं व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हेमराज काकाची पोट्टी बी आपल्यासंग. रविवारी तीच पहिली बोलन.’ त्यावर अंगठेच अंगठे. तुमच्याच फोनवर बघितलं मी ते.

नाही राहावलं. तिथंच लिहायले बसली, ‘तुम्हाले काहीच माहीत नाही, बाबूजी काकाले’... इथं अडकली. काकाले काय? दोन मिनिटांत मुन्नाचा माझ्या फोनवर कॉल. आवाज फाटलेला. "गुड्डी, ग्रुपवर हेमराज काका टायपिंग करून राहिले वो!" मी हसली, आणि मग हसता हसता रडली. खोडून टाकलं सगळं.

कॉलेजात कथा मोडूनतोडून लिहायले शिकली मी. शेवट आधी, सुरुवात मागून, मधातलं पान कोरं. तुम्ही एक वाचून विचारलं होतं, "हे गोष्ट हाय का किराण्याची यादी?" आणि आता मले एक सरळ वाक्य पाहिजे, रविवारी उभं राहून बोलायले, तर ते सापडत नाही. खरं सांगितलं तर काका मरतील लाजेनं. चूप बसली तर माझा आवाज त्यांच्या विरोधात मोजला जाईल. तुमचाही. ‘ठेवा त्यांले’ म्हटलं तर विचारतील, काऊन? आणि ठेवलंच, तर पुढच्या मॅचले दाखवणार कोण? मी? जिले लोटन आणि विक्की ओळखू येत नाही?

काल काकाकडे परत गेली होती, माफी मागायले. म्हणाले, "आवाज बरा हाय तुहा. बापासारखा. नाव तेवढं चुकलं." आणि मग, "लोटनचं तोंड उतरलं असन नं? मले दिसलं नाही."

रविवारी त्यांले काढतीलच, बाबूजी. मले माहीत आहे. मी मीटिंगले जाणार, उभी राहणार आणि एवढंच म्हणणार, का त्या दिवशी नाव मी चुकीचं ओरडली, लोटनले बसवलं ती चूक माझी, कोचची नाही. त्यानं काही होणार नाही. लोक हसतील. पण तुमच्या नावानं कोणी हात वर केला, तर तो मी खाली करायले लावीन.

आणि एक वचन देते. पुढच्या मंडईले तुमची गाडी मी काढणार. मागे काका. तुमच्याच बांबूजवळ दोघं उभे राहू. ते कोच नसतील, मी ओरडणार नाही. त्यांच्या कानाशी सांगत राहीन, हा लोटन, हा विक्की, आता हा गेला, आता हा आला. तोवर दोघांची पाठ ओळखायले शिकून घेईन. एखादी शिवी मात्र मधात घालीन. नाहीतर काकाले मॅच बघितल्यासारखं वाटणार नाही.

गाडीवरून उतरलेली, तुमची
गुड्डी