खांद्यातली गादी

मंगळवार, १४ तारीख

चिरंजीव उंटास,

आईचा आशीर्वाद. आम्ही ठीक. शिलाईचं मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते. पत्र तुझी लेक, आपली चिमणी, लिहिते आहे. मला अक्षर येत नाही म्हणून ती काही गाळेल, तर तिला बजावलंय, वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा खटाटोप. तू उंटासारखा उंच आणि पोर ठेंगणी, म्हणून दीड वर्ष तुझा एकच प्रश्न, "किती वाढली?" वाढली बाबा, सात बोटं वाढली. रोज झोपण्याआधी मांडीत उंची वाढायची सुई, पण पोरीने हूं की चूं केलं नाही. आणि मणक्याला बाक आलाय म्हटल्यावर तू डॉक्टरीणबाईंवर तुटून पडलास. "तुमच्या इंजेक्शनांनीच पाठ वाकली, सगळं बंद करा!" पाठीच्या पट्ट्याच्या कागदावर सही नाही ती नाहीच.

बाईंनी मला चारदा समजावलं. औषध पाठ वाकवत नाही; पण आधीचा थोडा बाक असेल, तर पोर झपाट्याने वाढताना तोही वाढतो. म्हणून पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आजी, दर महिन्याला तिला उघड्या पाठीने पुढे वाकवून बघा. एक बाजू वर दिसली की लगेच या." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत.

इथे चिमणीने पेन थांबवलंय. लिही गं.

मला दिसलं होतं. गेल्या वर्षी शाळेचा झगा बेतताना डावा खांदा बोटभर खाली लागला. चाळीस वर्षांची सवय, हातांनी डोक्याला विचारलंच नाही. डाव्या खांद्यात कापडाची गादी घातली. झगा असा सरळ पडला की मीच खूश! सहा महिन्यांनी दोन बोटं. गादी दुप्पट केली. गिऱ्हाइकाचं उणं झाकायचं, बोभाटा करायचा नाही, अशीच मी शिवत आले.

तपासणीला बाईंनी घाईत झग्यावरूनच पाहिलं. म्हणाल्या, "छान, सरळ आहे." दिसणारच सरळ, शिवला कोणी होता? तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण तुला कळलं की तू सुया बंद करशील, ही धास्ती. शेवटी तू तेच केलंस.

तेव्हा भांडायचं तर माझ्याशी भांड. बाई म्हणतात, वाढीची दोन-तीन वर्षं आहेत, पट्टा आत्ता लागला तर बाक थोपवता येईल. सुयांचं पुढचा एक्स-रे बघून ठरवू. आणि तू एवढा मोठा उंट रुसून बसलायस!

चिमणी विचारते, "आजी, पट्ट्यावरून झगा बसेल का?" बसवीन की. गादी मात्र घालणार नाही.

सोबत सहीचा कागद आहे, आणि उसवलेली गादी. ती चिमटीत धरून बघ, किती जाड आहे. मग सही कर.

माझी सही म्हणजे नेहमीचे लाल दोऱ्याचे दोन टाके. आज वाकडे पडलेत. उसवले नाहीत.

तुझी
आई