जिना माझा, लिफ्ट त्याची

मी, खाली सही करणारी, चौकातल्या जुन्या हॉटेलच्या डाव्या अर्ध्या भागाची मालकीण, अविवाहित, वयाने ऐंशीच्या घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करीत आहे. मी शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. वकीलसाहेबांची अजून खात्री पटलेली नाही, कारण मी त्यांना कायद्याच्या ठरीव शब्दांत लिहू देत नाही. पण फी त्यांनी घेतली आहे, त्यामुळे शंका त्यांनी मनातच ठेवावी.

मृत्युपत्र लांबणार आहे, हे आधीच सांगते. आमच्या वडिलांनी त्यांचे एका ओळीत उरकले होते: "हॉटेल दोन्ही मुलांना सारखे." त्या एका ओळीमुळे आमच्या जेवणघराच्या मधोमध भिंत उभी राहिली. म्हणून मी सगळे फोडून सांगणार आहे.

कलम पहिले. माझ्याकडे काय आहे. हॉटेलची डावी बाजू, तिच्यातल्या खोल्या, स्वयंपाकघर, जेवणघराचा रस्त्याकडचा अर्धा भाग आणि मुख्य लाकडी जिना. उजवी बाजू माझ्या धाकट्या भावाची. भांडण लिफ्टवरून झाले. वडील गेल्यावर त्याला जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत लिफ्ट बसवायची होती. त्यासाठी जिन्याचा वळणदार कठडा कापावा लागला असता. मी पहिल्या पायरीवर लोकरीचे विणकाम घेऊन बसले आणि सुतार परत गेले. त्या स्वेटरची एक बाही फार लांब झाली, पण जिना वाचला. मग शब्दाने शब्द वाढला आणि वाटणी झाली. चूक कोणाची यावर मी काही लिहिणार नाही. त्याची होती.

वाटणीत ज्याने त्याने आपापल्या हट्टाचे मागून घेतले. मी जिना आणि स्वयंपाकघर मागितले. त्याने मागची जागा मागितली, तिथे त्याने लिफ्ट बसवली, आणि धुलाईघर मागितले. कागद झाले, भिंत झाली, आणि मग दोघांच्याही लक्षात आले की त्याच्या पाहुण्यांना नाश्ता नाही आणि माझ्या पाहुण्यांना धुतलेल्या चादरी नाहीत. पाण्याची टाकी त्याच्या गच्चीवर राहिली आणि तिची मुख्य चावी माझ्या जिन्याखाली. इतकी शहाणी माणसे आमच्या घराण्यात याआधी झाली नसावीत.

म्हणून भिंतीत एक खिडकी पाडली. तिला दोन्ही बाजूंनी झडप आणि दोन्ही बाजूंनी कडी आहे. इकडून ताटे जातात, तिकडून चादरी येतात. ताट तयार झाले की माझा आचारी झडपेवर टकटक करतो. एवढ्यावर दोन्ही हॉटेले आजवर चालली. भावाशी मी त्यानंतर बोलले नाही, तोही बोलला नाही. माझ्या पाटीवर नावाआधी 'मूळ' लिहिले आहे, त्याच्या पाटीवर 'अस्सल'. पाहुणे दोन्ही पाट्या वाचून बराच वेळ रस्त्यातच उभे राहतात.

त्याची लिफ्ट अडकते. अडकली की आतली माणसे ओरडतात आणि ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येते. तेव्हा मी वरच्या मजल्यांवरची दोन्ही बाजूंमधली दारे उघडायला लावते, म्हणजे त्याच्या बाकीच्या पाहुण्यांना माझ्या जिन्याने उतरता येते. ही माझी माणुसकी समजावी, माघार समजू नये. आता माझे गुडघे गेले आहेत आणि मला माझाच वरचा मजला बघून खूप काळ लोटला. लिफ्टने जाता आले असते. नाही गेले. माझी भाची, म्हणजे याच भावाची मुलगी, मला तिथले फोटो मोबाइलवर दाखवते आणि मी चष्मा लावून माझे हॉटेल बघते.

ही भाची आई लवकर गेल्यामुळे दोन्ही घरांत वाढली. लहान असताना दप्तरासकट त्या खिडकीतून इकडे यायची, जेवायची आणि तिकडे झोपायला जायची. पुढे ती जुन्या इमारती दुरुस्त करणारी वास्तुतज्ज्ञ झाली. आमचे दोघांचे बघून तिला दुसरे काय सुचणार?

कलम दुसरे. घाई कशाची आहे. नगरपालिकेने शहराचा मधला भाग नव्याने उभा करायचे काढले आहे. बंद पडलेले थिएटर, छापखाना, कापडाच्या दुकानांची रांग, सगळ्यांवर निशाण्या मारून झाल्या आहेत. कार्यालयात काचेखाली एक प्रतिकृती ठेवली आहे. तीत प्लास्टिकची झाडे आहेत आणि आमचे हॉटेल आहे, एकच, एका दाराचे. पुठ्ठ्याचे असले की किती सोपे असते! खऱ्या हॉटेलसाठी त्यांची अट अशी की दोन्ही मालकांनी मिळून एकच अर्ज करावा, मधली भिंत काढू द्यावी, मग इमारत वारसा म्हणून धरली जाईल आणि दुरुस्त होईल. या महिनाअखेरपर्यंत अर्ज आला नाही तर ती धोकादायक ठरेल, पाडली जाईल, आणि त्या जागी मोटारींचा वाहनतळ होईल.

अर्ज भाचीने भरून ठेवला आहे. ती एकदा माझ्याकडे बसते, एकदा त्याच्याकडे.

"आत्या, नुसती सही. बोलायचंसुद्धा नाही."

"त्याने केली?"

"बाबा म्हणतात, ताईने आधी विचारावं."

"मग मी म्हणते, त्याने आधी विचारावं."

यावर ती डोक्याला हात लावून जिन्यावर जाऊन बसते. त्या पोरीला आम्ही फार छळले आहे. मला ते दिसते, वाईटही वाटते, पण तोंड उघडत नाही. जिवंतपणी पहिला शब्द मी काढणार नाही. मेल्यावर हार मानायला माझी हरकत नाही. आणि डॉक्टर माझ्या छातीला नळी लावून हल्ली ज्या तऱ्हेने गप्प होतात, त्यावरून महिनाअखेर येण्याआधीच मी जाईन असे दिसते.

कलम तिसरे. हॉटेलची डावी बाजू. माझा संपूर्ण अर्धा हिस्सा मी माझ्या धाकट्या भावाला देते. म्हणजे मालक एकच राहील, अर्जावर एकाच सहीचे काम उरेल आणि हॉटेल वाचेल. अटी पुढीलप्रमाणे: कठड्याला करवत लावू नये. भिंत मी गेल्यावर पाडावी, आधी नाही. 'अस्सल' ही पाटी काढावी. वाटल्यास माझीही काढावी, पण त्याची आधी.

कलम चौथे. स्वयंपाकघर. भांडी, शेगड्या आणि मोठा दगडी पाटा आचाऱ्याला द्यावा. तो माझ्या हाताखाली तयार झाला आणि आता मलाच शिकवतो. हॉटेल कोणाचेही झाले तरी त्याला कामावरून काढू नये. त्याने गाणे म्हणणे मात्र थांबवावे. हे मी त्याला तोंडावर कधी सांगू शकले नाही, कारण तो मन लावून गातो.

कलम पाचवे. बँकेतले पैसे आणि किल्ल्या. पैसे भाचीला. किल्ल्यांचा जुडगाही तिलाच. त्यातल्या काही किल्ल्या कोणत्याच कुलपाच्या नाहीत, तरी टाकू नयेत. मला त्यांचा आवाज आवडतो. लग्न कर किंवा करू नको, पण कोणाशी बोलणे टाकलेस तर भूत होऊन मानगुटीवर बसेन, हे तिला वाचून दाखवावे.

कलम सहावे. खुर्ची. नगरपालिकेचे साहेब माझ्याकडे आले आणि "आजी, जरा समजून घ्या" असे म्हणाले, तेव्हा ते ज्या खुर्चीवर बसले होते ती त्यांना भेट द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे. हे त्यांना आधी सांगू नये.

कलम सातवे. समोरच्या कापडवाल्याची छत्री माझ्याकडे आहे. ती मी मागून आणली होती. त्याला वाटते हरवली. परत करावी, पण त्याने माझ्या पडद्यांना जे आखूड कापड दिले त्याची आठवण करून देऊनच करावी.

डॉक्टरांना काही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील म्हणतात. शिवाय त्यांनी या जेवणघरात इतकी वर्षे फुकट जेवून आपला वाटा आधीच उचलला आहे. हे सगळे अमलात आणण्याचे काम वकीलसाहेबांचे. त्यांनी ते माझ्या शब्दांत करावे.

पुरवणी, माझ्या हाताने.

वरचे सगळे टाइप होऊन आले. सही करण्याआधी ते वाचून दाखवावे लागते, म्हणून आज दुपारी वकीलसाहेब जेवणघरात उभे राहून वाचू लागले. डॉक्टर बसले होते, भाची बसली होती. दुसरा साक्षीदार म्हणून छापखानेवाले येणार होते, ते आले नाहीत. वकीलसाहेबांचा आवाज कोर्टात कमावलेला. भिंत एका विटेची. पलीकडे माझा भाऊ जेवत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही.

डॉक्टरांच्या फुकट जेवणापर्यंत वाचून झाले आणि पलीकडची कडी वाजली. ताट तर केव्हाच गेले होते. डॉक्टरांनी उठून इकडची झडप उघडली. खिडकीत भावाचे तोंड दिसले. रस्त्यावरून लांबून तो मला रोजच दिसतो, पण इतक्या जवळून मी त्याला वाटणीपासून पाहिले नव्हते. म्हातारा झाला आहे. अगदी वडिलांसारखा दिसतो.

तो म्हणाला, "ताई, जेवणात मीठ कमी असतं हल्ली."

मी म्हटले, "तुला कमी खायला सांगितलंय. डॉक्टर मला सगळं सांगतात."

डॉक्टर पंख्याकडे बघू लागले.

"मला वाटलं, आचारी विसरतो."

"आचारी विसरत नाही. तुझ्या ताटातलं मी कमी करायला लावते."

मग तो खिडकीतूनच इकडे येऊ लागला. पोट आडवे आले. तेव्हा तो रस्त्यावर उतरून, माझ्या पाटीखालून, माझ्या दाराने आत आला. माझ्यासमोर बसला आणि वकिलांना म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी."

वकील म्हणाले, "तुम्हाला चालणार नाही. तुम्हालाच तर हॉटेल मिळतंय. तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला दिलेलं सगळं रद्द होईल."

"म्हणूनच."

"अहो, पण अर्धं हॉटेल आहे!"

"वकीलसाहेब, ही गेल्यावर मी अख्खं हॉटेल घेऊन काय करू?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "भिंत पाडून एवढ्या मोठ्या जेवणघरात एकटा जेवू? ताई, तुझ्या दारात मी पहिला आलो, पहिला बोललो, आता आणखी काय हवंय तुला?"

मला काही नको होते. मला एवढेच हवे होते, आणि ते मागता येत नव्हते. मला रडू आले. ते लपवायला मी चष्मा काढला, पण त्याने जास्तच दिसले.

सबब, वरील तिसरे कलम मी खोडत आहे. खोडताना एकच रेघ मारली आहे, म्हणजे मी त्याला देणार होते हे वाचता येईल. माझा हिस्सा आता भाचीला. त्याचा हिस्साही तो तिलाच लिहून देणार आहे, आणि त्या कागदावर साक्षीदार मी होणार आहे, म्हणून तोवर मला मरण्याची परवानगी नाही, असे तो म्हणतो. डॉक्टरांनी यावर मत देण्याचे टाळले.

नगरपालिकेच्या अर्जावर याच टेबलावर दोघांच्या सह्या झाल्या. आधी कोणी करायची यावरून पुन्हा आवाज चढला. भाचीने दोघांच्या हातात एकेक पेन दिले आणि म्हणाली, "आत्या, बाबा, एकाच वेळी. नाहीतर मी पाडकाम करणाऱ्यांना स्वतः फोन करते." मग एकाच वेळी केल्या. कागद हलला आणि दोन्ही सह्या वाकड्या आल्या. ती अर्ज घेऊन तशीच पळाली आहे.

लिफ्टच्या प्रश्नावर आमचे एकमत झालेले नाही. उद्या तो मला तीत बसवून वर नेणार आहे. अडकली तर मी त्याला काय बोलेन ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही.

एवढे लिहून, वाचून, आणि एक कलम खोडून, मी समजून उमजून सही करीत आहे.

ठिकाण: हॉटेलचे जेवणघर, डावा अर्धा भाग.
दिनांक: वकीलसाहेबांनी पहिल्या पानावर शिक्का मारला आहे तोच.

लिहून देणार: थोरली बहीण (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)
लिहून देणार सही करताना शुद्धीवर होत्या. रडत होत्या. त्याने शुद्धीला बाध येत नाही.

साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा धाकटा भाऊ (सही)
या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही. हे मला मोठ्याने वाचून दाखवले आहे आणि मी ते आनंदाने मान्य करतो.