आईच्या टबाचा ओटा

आसगाव

तीर्थस्वरूप दुर्गामावशींस,

भुपेंद्रचा साष्टांग नमस्कार. आम्ही येथे सर्व ठीक आहोत. शहापूरला मावसाजींचा खोकला उतरला असेल आणि तुमचे गुडघे थोडेफार वाकू लागले असतील, असे धरून पुढे लिहितो.

आईच्या गुडघ्यांचे तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी तिला रोज गरम पाण्यात बसायला सांगितले, नाहीतर यंदा धानाच्या रोवणीला चिखलात उतरायचे नाही म्हणाले. आईने रोवणी सोडणे शक्य नाही. म्हणून रुचिकाताईच्या यजमानांनी, कुंदनभाटव्यांनी, विजेवर तापणारा एक मोठा टब पाठवला. (बंद पडलेल्या लॉजमधला आहे. स्वच्छ आहे. मी स्वतः घासला, मग शंका आली म्हणून पुन्हा घासला.) सोबतच्या कागदावर लाल अक्षरांत लिहिले होते की, खालची जागा कडक आणि अगदी समपातळीत असावी, नाहीतर भरलेला टब तडकेल. मी नववीपर्यंतच शिकलो, पण लाल अक्षरांतले मी फार मनावर घेतो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

पातळी काढण्यात बाबांचा हात कोणी धरणार नाही. त्यांनी विहिरीजवळ जागा खोदली, चारी बाजूंनी मातीचे बांध, म्हणजे धुरे घातले, पाणी सोडले आणि धानाच्या बांधीसारखा चिखल करून वर फळी फिरवली. पाणी असे बसले की त्यात कडुनिंब उलटा दिसत होता. हे सुकल्यावर गिट्टी आणि काँक्रीट टाकायचे ठरले. मी गिट्टी बघायला पवनीला गेलो. परत येतो तर आई त्यात मोड आलेले धान फेकत होती. म्हणे, "एवढी मस्त बांधी, विहीर बाजूले, मंग रिकामी कायले ठेवता?" बाबाही कौतुकाने बघत उभे होते. आता तेथे रोपे आली आहेत आणि ती रोवणीला उपटेपर्यंत त्या जागेला हात लावता येत नाही. (रोपे चांगली आहेत. एकसारखी.)

मग घरामागच्या सांदवाडीत नवी जागा धरली आणि टिकाराम मिस्त्रीला बोलावले. माणूस चांगला, पण त्याने जन्मात उताराशिवाय ओटा केलेला नाही. मी पाणसळ लावून दाखवायचो, तो मान हलवायचा, आणि मी चहा आणायला वळलो की थापीने हळूच उतार द्यायचा. "पानी कुठून जाईन, भुपेंद्र? पानी तुंबलं का गाव मलेच हासन." मी म्हणालो, पाणी जायचे नाही, टबात राहायचे आहे. "अन् टब फुटला त?" शेवटी ओट्याबाहेर एक चर खणला आणि त्याला हवा तेवढा उतार त्या चरात देऊ दिला, तेव्हा कुठे त्याचा जीव शांत झाला.

ओटा वाळला, टब बसला, भरला. पाणी चारही काठांना सारखे आहे. मावसाजींना नमस्कार सांगावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
भुपेंद्र

ता. क. आई टबात बसलेली नाही. "मी का म्हैस आहो, डबक्यात बसाले?" असे म्हणून तिने झाकण लावले आणि वर वड्या वाळत घातल्या. मात्र काल वड्या उलटवताना पुटपुटली, "ताई बसन त मी बसीन." ताई म्हणजे तुम्हीच. रोवणी तोंडावर आली आहे, म्हणून तुम्ही लवकर यावे आणि आधी बसावे. सभोवती ताट्या बांधल्या आहेत, कोणाला काही दिसत नाही. सहज आल्यासारखे दाखवावे. फोनच केला असता, पण आई स्पीकर लावायला सांगते.

पुन्हा ता. क. ओट्याची काळजी नसावी. दोघी बहिणी एकदम बसाल, हे धरूनच तो केला आहे. जाडी ठरवण्यासाठी तुमचे वजन मी मावसाजींना विचारले होते. त्यांनी आकडा सांगितला नाही, नुसते "जाडच कर" म्हणाले. त्यांना रागावू नये.