एकमताने

११ जानेवारी १९८८
मतदान झालं. आपली छोटी रेल्वे बंद करायला नगरपालिकेची हरकत नाही — चार बाजूने, एक विरोधात. विरोधात औषधांच्या दुकानवाल्या एर्मिनियाबाई. म्हणाल्या, "बर्फ पडल्यावर तुमची बस घाट कशी चढते ते मला दाखवा, मग करते हात वर." दाखवलं कुणीच नाही.
बावीस वर्षं इतिवृत्त मीच लिहितोय. हेही लिहिलं. घरी येऊन कोबीचं सूप प्यायलो. काही वाटलं नाही.

१२ जानेवारी
नगराध्यक्षांनी आत बोलावलं. "एलिझियो, मंत्रालयाला एकमत हवंय. एकमत असेल तर रेल्वेच्या बदल्यात बसचा रस्ता लगेच मंजूर. एक विरोध दिसला की फाइल परत."
म्हटलं, पण बाईंनी —
"बाईंचं मी बघतो. तू टाईप कर." मग दार लावून म्हणाले, "तुझ्या भावाला शहरातल्या स्टेशनात घेतील. माझा शब्द."
टाईप केलं. 'एकमताने'. पाच अक्षरं. पुढच्या सभेत मी वाचायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या, मग कागद मंत्रालयात.

१७ जानेवारी, रविवार
कुस्तोदियोकडे जेवलो. थोरला भाऊ, इथला स्टेशनमास्तर. स्टेशनच्याच माडीवर राहतो. घरचं डुक्कर कापलं होतं, ताजी सॉसेजेस तळत होता.
पाठमोरा राहूनच विचारलं त्यानं, "विरोधात कोण होतं?"
"कोणी नाही."
"एर्मिनियापण नाही?"
"नाही."
त्यानं तव्यावरचं सॉसेज उलटलं. "बरं. म्हणजे आता आपलं म्हणावं असं कुणी उरलं नाही."
मी दोनदा वाढून घेतलं.

१९ जानेवारी
फाइली. थंडी.

२३ जानेवारी
एर्मिनियाबाई दुकानासमोर बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. घाट बंद, रुग्णवाहिका वर येईना. चौघांनी खुर्चीत बसवून स्टेशनात नेलं. दुपारची गाडी कुस्तोदियोनं अकरा मिनिटं धरून ठेवली.
संध्याकाळी त्याचा फोन. "त्या अवस्थेत तिकीट काढायचा हट्ट! म्हटलं, बाई, तुम्ही आम्हाला विकलंत, तरी माझ्या गाडीत तुम्हाला जागा आहे. तर मला म्हणते कशी — 'कुस्तोदियो, तू प्यायलायस का?'"
मी फोनची वायर सरळ करत राहिलो.
"असं का म्हणाली रे ती?"
"दुखत असेल," मी म्हटलं.

२४ जानेवारी
झोप नीट लागली. लागायला नको होती.

३ फेब्रुवारी
बाईंवर शस्त्रक्रिया झाली. महिनाभर तरी शहरातच. नगराध्यक्ष जिन्यात भेटले. "बघ, देवानंच सोय केली," म्हणाले. हसले. मीही हसलो बहुतेक.

६ फेब्रुवारी
कुस्तोदियोच्या बदलीचं पत्र आलं. शहरातलं स्टेशन, दोन खोल्या. त्यानं ते मला दाखवलं, पण हातात दिलं नाही. "तुझे उपकार," म्हणाला. उपकार हा शब्द त्याच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

८ फेब्रुवारी
सभा. बाईंची खुर्ची रिकामी. मागच्या बाकावर कुस्तोदियो, गणवेशात. मी इतिवृत्त वाचायला उभा राहिलो. कागदावर 'एकमताने' होतं. वाचलं मी — "चार बाजूने, एक विरोधात. विरोधात एर्मिनियाबाई." सह्यांसाठी काढलेली पेनं तशीच हातात राहिली. नगराध्यक्ष माझ्याकडे बघत होते, बाकीचे तिघंही. कुस्तोदियो तेवढा बघत नव्हता. त्यानं खिशातून ते पत्र काढलं, बाकावर ठेवलं आणि दुपारच्या गाडीला झेंडा दाखवायला निघून गेला.