लेखनिकाचा रकाना

राहाता,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप भीमराज मामांना,

दीपाचा सप्रेम जयभीम. मामींनाही सांगा. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, तुम्हीही नागापूरला ठीक असाल, असं लिहून पुढे जायची पद्धत आहे. पण तुमच्या कमरेचं मला खरंच विचारायचं आहे. सेकंड शिफ्टला लेथवर आठ तास उभं राहायचं, आणि वर माझा पेपर लिहून द्यायला रजा टाकून पहाटेच्या एसटीने राहात्याला यायचं, हे कमरेला मानवणारं नाही असं मी आत्ताच लिहून ठेवते. मामींची बीपीची गोळी चालू आहे ना? आई म्हणते, त्या बरं वाटलं की गोळी बंद करतात. आणि तुमचे 'शुभ सकाळ'चे फोटो रोज सहा वाजता पोचतात. माझा फोन त्यावर नुसतं 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. गुलाब असतो की उगवता सूर्य, मला काही कळत नाही. दोन शब्द लिहून पाठवत जा, म्हणजे तो वाचून दाखवेल.

हे पत्र मी स्वतः टाइप केलं आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बोलणारं सॉफ्टवेअर टाकलंय, ते मी दाबलेलं प्रत्येक अक्षर आणि पुरा झालेला शब्द हेडफोनमधून सांगतं. प्रिंट काढली की पाकिटावरचा पत्ता तेवढा आरती घालेल. (आरती म्हणजे माझ्या वर्गातली, मागच्या वेळी तुम्हाला डबा देणारी.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. राग मानू नका, सगळे मामा असेच असतात.

तर विषय परीक्षेच्या फॉर्मचा. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. माझ्यासारख्यांसाठी त्यात एक रकाना असतो: लेखनिक घेणार, की स्वतः कॉम्प्युटरवर लिहिणार? दोन्ही मिळत नाही. मला कॉम्प्युटर हवा आहे आणि घरात तो कुणालाच नको आहे. बाबांचं म्हणणं तुम्हाला पाठ असेल: "मामा हाय ना तुजा! मंग कशाला त्या डबड्याच्या नादी लागती?" आईचं म्हणणं त्याहून अवघड. ती म्हणते, "माज्या भावाला वाईट वाटंल." म्हणून तुम्हालाच सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही बाबांशी बोलाल.

आमच्या कॉलेजात अपंग विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी मागच्या वर्षी जोरात काम झालं, कारण तपासणीला समिती यायची होती. पायऱ्यांशेजारी उतार बांधला. उतार चांगला आहे, फक्त तो जिथे संपतो तिथे समितीच्या स्वागतासाठी आणलेली मोठी कुंडी आहे, आणि समिती जाऊन वर्ष झालं तरी ती हलवायची कुणाची जबाबदारी हे ठरलेलं नाही. ग्रंथालयाच्या दाराशी ब्रेलमधला फलक लावला. मी बोटं फिरवली तर गुळगुळीत लागला. चौकशी केली तेव्हा कळलं, धूळ बसू नये म्हणून तो काचेच्या फ्रेममध्ये बसवलाय. (काच ते दर सोमवारी पुसतात. कामात हयगय नाही.) या सगळ्याचे प्रमुख वैजनाथ सर. परीक्षा विभागही त्यांच्याकडेच. माणूस मनाने इतका मऊ आहे की मी काही मागितलं की त्यांचा आवाज भरून येतो, आणि आवाज भरून आला की काम राहून जातं.

त्यांना मी जूनपासून सांगत होते की मला पेपर स्वतः लिहायचाय. शेवटी ते म्हणाले, समाजशास्त्राच्या चाचणीला करून बघू. मला वेगळी खोली द्यायची तर वेगळा पर्यवेक्षक लागतो आणि तो काही मिळेना, म्हणून लॅबमधला एक कॉम्प्युटर उचलून सात नंबरच्या वर्गात, सगळ्या मुलांमध्येच, माझ्यासाठी मांडला. हेडफोनही दिला. मी तो कानावर चढवला, आवाज चांगला मोठा केला आणि लिहायला लागले.

मामा, वर्ग इतका शांत होता की मी भारावून गेले. एरवी चाचणीला आमच्या वर्गात कुजबुज, खाकरणं, बाकांची ओढाओढ, काय काय चालू असतं. त्या दिवशी अडतीस जणांतलं एकही हूं की चूं करत नव्हतं. नुसती पेनं चालल्याचा आवाज. मला वाटलं, दीपा आज पहिल्यांदा स्वतः पेपर लिहितेय, याची पोरांना केवढी जाणीव! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खरा प्रकार असा होता की हेडफोनची पिन नीट बसलीच नव्हती. मी जे जे टाइप करत होते ते कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून सगळ्या वर्गाला ऐकू जात होतं, आणि सगळा वर्ग ते उतरवून घेत होता. मला वाटत होतं आवाज कानातलाच आहे, हेडफोन जरा हलका वाजतोय, म्हणून मी तो आणखी वाढवला. मागच्या बाकांवरच्या मुलांची त्याने फारच सोय झाली.

तुम्ही म्हणाल, पर्यवेक्षक काय करत होते? पर्यवेक्षक म्हणून खुद्द वैजनाथ सरच होते आणि त्यांना पहिल्या मिनिटापासून सगळं ऐकू येत होतं. पण त्याच आठवड्यात त्यांनी वरून आलेलं परिपत्रक वाचलं होतं, की अपंग विद्यार्थ्यांच्या सुविधेत कोणीही अडथळा आणू नये. त्यांना वाटलं, हे यंत्र असंच चालत असेल. आपण बंद करायला गेलो आणि पोरीवर अन्याय झाला तर? म्हणून ते हाताची घडी घालून उभे राहिले. हे त्यांनीच मला नंतर भरल्या आवाजात सांगितलं.

घंटा झाली. मला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणून मी लिहीतच राहिले. तर वर्गही उठेना! शेवटचं उत्तर माझं अर्धं व्हायचं होतं, ते सोडून जाणार कोण? सरांनी गोळा करायला हात पुढे केला तर पोरं म्हणाली, थांबा ना सर, दीपाचं व्हायचंय. सरांना तो आमच्यातला जिव्हाळा वाटला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पेपर तपासल्यावर घोळ बाहेर आला. मी घाईत 'कुटुंबाचे पाच प्रकार आहेत' असं लिहून चारच दिले होते. अडतीसच्या अडतीस जणांनी पाच म्हणून चार दिले. सॉफ्टवेअर विरामचिन्हंही बोलतं, त्यामुळे दोघांनी उत्तरात मधे मधे 'स्वल्पविराम' असं अक्षरी लिहिलं. एकाने तर प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'नवीन ओळ' लिहून खरोखरच नवीन ओळ घेतली. चाचणी रद्द झाली. आता वर्गातली निम्मी पोरं मला विचारतात, वार्षिक परीक्षेला तुझा नंबर कोणत्या खोलीत आहे? इतका मान मला पूर्वी कधी नव्हता.

यानंतर सर म्हणाले, त्यापेक्षा लेखनिकच बरा, तुझे मामा किती सुंदर लिहितात! मी ऐकलं नाही. पिन तपासून दुसऱ्यांदा चाचणी दिली, एकटी, ऑफिसच्या मागच्या खोलीत. वीसपैकी अकरा पडले. सरांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी स्वतः चहा आणून दिला. मला मात्र वाईट वाटलं नाही. टायपिंगचा वेग कमी पडला, एक प्रश्न राहिला, तो मार्चपर्यंत राहणार नाही. रोज दोन तास सराव करते आहे. तेव्हा तुम्ही बाबांना समजावून सांगा, ते तुमचं ऐकतात. आईची काळजी करू नका, ती रडून झाली की ऐकते.

बाकी सर्व कुशल. मामींच्या गोळीकडे लक्ष असू द्या.

तुमची भाची,
दीपा

ता. क. – बाबांना समजवा असं वर लिहिलंय खरं, पण फॉर्म मी काल भरून दिला. लेखनिकाच्या रकान्यात तुमचं नाव नाही. हे तुम्हाला आईकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून एवढं लांबण लावलं. वाईट वाटलं तर वाटू द्या, पण रजा टाकू नका.

ता. क. २ – आणखी एक सांगायचंय, ते सांगितल्याशिवाय पत्र पाठवणं बरं नाही. मागच्या वर्षीच्या अर्थशास्त्राच्या पेपरची झेरॉक्स मी मागवली होती. आरतीने वाचून दाखवली. औद्योगिक कामगारांच्या समस्यांवर मी तुम्हाला सहा ओळी सांगितल्या होत्या. तिथे पावणेदोन पानं आहेत. ठेकेदार ओव्हरटाइम कसा मारतो, कँटीनची डाळ कशी असते, सेफ्टी शूज वर्षातून एकदाच का मिळतात, सगळं आहे. मी बोलायची थांबल्यावरही पेन चाललेलं मला ऐकू येत होतं, पण मला वाटलं तुमचं अक्षर मोठं असेल. मामा, त्या उत्तराला दहापैकी आठ आहेत. सबंध पेपरात तेच सर्वांत जास्त. बाकीच्या, म्हणजे माझ्या, उत्तरांना चार-पाचच्या वर कुठेच नाहीत. तुम्ही छान लिहिता, खरंच. कधीतरी स्वतःच्या नावावर लिहा. पण ते आठ घेऊन मी पास झाले, आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले, याची मला आता लाज वाटते. तुमच्यावर रागावले नाही. तुम्ही मला पडू द्यायला तयार नव्हता, एवढंच त्यातून कळलं. यंदा पडले तर पडू द्या.

ता. क. ३ – रजा टाकू नका म्हटलं, पण पहिल्या पेपरच्या दिवशी तुमची साप्ताहिक सुट्टी आली तर या. आत यायचं नाही, फाटकाशी थांबायचं. पेपर सुटला की तिथे सगळ्यांच्या घरचे उभे असतात आणि प्रत्येकाला विचारतात, कसा गेला? मला आजवर कुणीच विचारलेलं नाही. आपण दोघं बाहेर आलो की बाबा तुम्हाला विचारतात, आई तुम्हाला विचारते, आणि तुम्ही सांगता की चांगला गेला. यंदा तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा तुम्ही मला विचारा.